घरचं मराठी, कन्नड अक्षरं

बन्नीमंटपाच्या बसमध्ये पुढच्या बाकावर गळ्यात टेप अडकवलेले दोन म्हातारे शिंपी चक्क मराठीत बोलत होते. पुण्याहून या कन्नड मुलखात नोकरीला आलेल्या ऋचाने कान टवकारले.

“नात रक्षितानं कोरियन सिनेमा दाखवला, विठ्ठलराव. खाली मराठी ओळी!”

“हौदा? खरंच? आमच्या टीव्हीवर नुसते चौकोन उमटतात.”

“आमच्याकडंही तेच. मग रक्षितानं त्या ओळींची फाइल यूटीएफ का काय म्हणतात त्या पद्धतीत साठवली, फाँट बदलला. गेले चौकोन!”

“पण वहिनींची शाळा कन्नड. त्यांना मराठी वाचता येतं?”

“म्हणून तर पोरीनं आपलं घरचं मराठी कन्नड अक्षरांत लिहिलं! आमची ही जन्मात पहिल्यांदा मराठी वाचत होती. मोठ्यानं वाचायची आणि डोळे पुसायची.”

“रडका सिनेमा होता काय?”

“छे हो! चांगला विनोदी होता की!”