जानेवारीतला रोवणा

अरे, ऐका तर! कामठ्याला घरच्या कॉम्प्युटरवर मी सोर्स कोडवरून एक प्रोग्राम बिल्ड करत होतो. दोन दिवस एकच एरर, फाइलींची तारीख म्हणे भविष्यातली आहे! उद्या कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा, म्हणून धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीलाही, दांडी मारलेली. सगळा कोड पिंजून काढला, काही सापडेना. तेवढ्यात बाबूजी चिखलाच्या पायांनी आत आले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात बघू लागले.

"काऊन रे, रोवणा चालू आहे अन् तुहा डब्बा जानेवारी दाखवून राहिला?"

आतली बॅटरीच मेली होती! लाइट गेली की तारीख मागे, म्हणून जुलैतल्या फाइली त्याला भविष्यातल्या वाटत होत्या. तारीख बदलली, पुन्हा कमांड दिली, आणि प्रोग्राम एका दमात तयार! मी ओरडलोच, "बाबूजी, झालं!"

"झालं ना? मंग चाल धानाच्या बांधीत, रोवण्याले. तिथं जुलैच आहे."