चारशे दोनच्या दारावरचं अक्षर

नाही हो, शिकवण्या नाही घेत मी — वॉचमनने सांगितलं असेल, चारशे एकच्या मॅडमचं अक्षर छान आहे म्हणून. होतं. तुमच्या सुयशला दुसऱ्या कुणाकडे पाठवा. आणि तुमच्या सेफ्टी डोअरवरचे चिकटपट्टीचे चार डाग थिनरनेही जात नाहीत, उगाच हात नका दुखवू. मला कसं माहीत? पुसून बघितलेत ना — घर रिकामं होतं तेव्हा.

तुमच्या आधी तिथे नूरी राहायची, तिचा नवरा मुस्तफा, आणि मुलगी शायमा, सहा वर्षांची. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची अक्षरं गिरवायला. मग तो लॉकडाऊन. मुस्तफाला ताप आला, अॅम्ब्युलन्स आली, आणि सेक्रेटरी जयप्रकाशकाका खालूनच फोनवर — 'बोर्ड लिहून लाव गं, तुझं अक्षर सुंदर आहे.' सुंदर! अशा वेळीसुद्धा मी फुलले, बघा. दुकानं बंद, कार्डशीट कुठून आणणार? शायमासाठी केलेला मुळाक्षरांचा तक्ता होता, त्याच्याच मागे लिहिलं. 'सावधान, करोनाचं घर. यांना शिवू नका.' शिवू नका — एमए झालेय मी, बरं का. काकांनी एवढंच सांगितलं होतं. खालची ओळ — नाही, ती पण त्यांनीच... नाही. ती माझी. 'यांच्या मुलीशी खेळू नका.' लाल स्केचपेनने. खाली रेघसुद्धा मारली, पट्टीने.

माझी अबोली वर्षाची होती हो तेव्हा! घाबरले होते मी. सगळेच घाबरले होते — पण नंतर तिसऱ्या मजल्यावर तिघं आजारी पडले, त्यांच्या दाराला कुणी काही लावलं नाही. डबे पोचवले. आणि खरं सांगू? ताप आधी आमच्याकडे आला होता. माझ्या नवऱ्याला, निशांतला, मुस्तफाच्या आठवडाभर आधी. आम्ही खिडक्या लावून घेतल्या, कुणाला बोललो नाही. लोकांनी समोरच्या दाराकडे बघितलं की आमच्या दाराकडे बघणार नाहीत, एवढंच... हे मी निशांतलाही कधी बोलले नाही. तुम्हाला कशाला सांगतेय?

नूरीने भांडण नाही केलं. मुस्तफा बरा होऊन आला आणि ती माणसं मोरा गावी गेली, तिच्या माहेरी. नंबर आहे माझ्याकडे. मेसेज लिहिते, खोडते.

पण बोर्ड लावला त्या सकाळी शायमा बाहेर आली होती. मी पीपहोलमधून बघत होते. अक्षरावर बोट ठेवून वाचत होती, मी शिकवलं होतं तस्संच, एकेक सुटं करून, मोठ्यानं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग वळली माझ्या दाराकडे, आणि काय आनंद हो तोंडावर — 'अबोलीची मम्मी, मला सगळं वाचता आलं!'

मी दार उघडलं नाही.

सुयशला दुसरीकडे पाठवा. आणि जाताना ते दार तेवढं ओढून घ्या.