काकांनी परत घेतलेली चाल

बुद्धिबळ कसं शिकायचं, हे आमच्या रमेशकाकांना चुकूनही विचारू नका. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत, पण सुपरवायझरकी घरी आणतात. सोसायटीच्या स्पर्धेत कोणाचं नाव घालायचं, तेही हेच ठरवणार. माझ्या धाकट्या बहिणीला, कविताला म्हणाले, "आधी मला हरव, मग नाव घालतो."

पहिल्याच डावात तिचा वजीर गेला. "काका, चाल परत घेऊ?"

"अजिबात नाही! हात लावला की चाल झाली. नवशिक्यानं हरलेला डाव पुन्हा मांडायचा, चूक शोधायची. तेव्हाच खेळ सुधारतो."

पोरगी आठवडाभर तेच करत बसली. रविवारी तिनं काकांच्या राजाला मात दिली, तर काकांनी नुकताच हलवलेला हत्ती उचलून परत आधीच्या घरात ठेवला. "थांब, माझं लक्ष नव्हतं."

मी म्हटलं, "काका, हात लावला की चाल झाली ना?"

"तू कॉलेज सोडलेला, मला नियम शिकवतो?"

"सोडलं ना काका. पण ती चाल परत नाही घेतली."

कविता शांतपणे सोंगट्या मांडायला लागली. "काका, हरलेला डाव पुन्हा मांडू? तुमची चूक शोधू."

अर्धा चहा टाकून काका उठले. संध्याकाळी तिचं नाव घातलं. त्यापुढे मार्गदर्शक म्हणून स्वतःचंही घातलं.