गळ्यात कार्ड असलेली माणसं

गळ्यातल्या कार्डावरून एक आठवलं. कसब्यात आमच्या शेजारी चार वर्षांची मनू राहते. तिची आई रात्रपाळीला कॉल सेंटरमध्ये जाते आणि दिवसा झोपते. म्हणून मनूच्या हिशेबी गळ्यात कार्ड असलेली माणसं दिवसा झोपतात आणि बाकीची जागी असतात. मी शाळेतून आले, की माझं ओळखपत्र बघून ती कुजबुजते, "ताई, जा, झोप."

एका संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी हिंजवडीच्या ऑफिसची गाडी हॉर्न देत होती आणि काकूंचं, म्हणजे मनूच्या आईचं, कार्ड सापडेना.

"अगं, कार्डाशिवाय आत घेत नाहीत गं!" काकू रडवेल्या झाल्या.

मी मनूला हळूच विचारलं.

"मोत्याला घातलं," ती म्हणाली. "तो दुपारी भुंकतो. आई उठते."

जिन्याखाली पिवळ्या उन्हात मोत्या कुत्रा गाढ झोपला होता. गळ्यातला काकूंचा हसरा फोटो त्याच्या श्वासाबरोबर संथ वरखाली होत होता. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं.

"काढू नकोस, तो उठेल," मागून मनू म्हणाली.

मी कार्ड काढलं मात्र, मोत्या ताडकन उठून भुंकायला लागला.

"सांगितलं होतं ना?" मनू म्हणाली.