दूध गट, क्रमांक सतरा

– नाही नाही, परत गरम करायला नको, मला कोमटच लागतं – कोमट म्हणजे गारच म्हणा ना – तुम्ही बसा मॅडम, पिते मी, पिणारच आहे, नऊ वर्षं पितेय, आज काय नवीन आहे. फक्त असं कुणी समोर बसून कपाकडे टक लावून बघत असलं ना, की घशाखाली उतरत नाही. जरा खिडकीकडे बघा. नाही चालत? बरं. म्हणजे नियम असा – हा दुधाचा कप मी संपवेपर्यंत तुम्ही उठायचं नाही, मी खुर्ची सोडायची नाही, आत तुमचे ते सर आमच्या ह्यांच्या चहाच्या कपावर नजर ठेवून बसणार, आणि मधलं दार बंद. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःला उठायची चोरी. नऊ वर्षं तुम्ही लोक नुसता फोन करत होतात – कप घेतला का, घेतला, ठेवा – आणि आज एकदम घरी? का, विश्वास उडाला? नाही, मी आपलं विचारते.

साय धरली बघा. ती काढलेली चालेल का? मोजून दिलंय, साय धरूनच प्यायचं – बरं बरं.

तुम्ही नवीन दिसताय. तुम्हाला माहीत नसेल, सुरुवातीला आम्ही वीस जोडपी होतो. आरोग्य केंद्रात चिठ्ठ्या काढल्या. घरातल्या एकानं रोज सकाळी मोठा कपभर दूध घ्यायचं, दुसऱ्यानं तेवढाच चहा, त्यात दुधाचा थेंब नाही, आणि त्यानंतर दिवसभर दोघांनीही चहा-दुधाला शिवायचं नाही. दर तीन महिन्यांनी तुम्ही फोनवरच विचारणार – झोप किती, पोट कसं, छातीत धडधडतं का. ह्यांची चिठ्ठी चहाची निघाली, माझी दुधाची. आता मी कोण, तर पडदे शिवणारी बाई. सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय माझ्या हातानं सुईत दोरा जात नाही. आणि दूध – तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या एका ओळखीच्या बाई आहेत, त्यांना दुधाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. त्याही ह्याच अभ्यासात होत्या. होत्या म्हणजे आहेत. तर पहिल्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, त्या बाई अशाच कपाकडे बघत बसलेल्या, रडायच्या बेतात, आणि त्यांच्या नवऱ्यानं आपला चहा टेबलावरून इकडे सरकवला, दूध स्वतःकडे ओढलं, आणि वर म्हणाला, मला तसाही चहा कधी आवडला नाही. कधी आवडला नाही. सव्वीस वर्षं मॅडम. सव्वीस वर्षं दिवसातून तीनदा मी त्या माणसाला चहा करून – त्या बाईनं. त्या बाईनं करून दिला. असं बघू नका माझ्याकडे. बरं, मीच. मीच ती.

लिहिताय का? नाही ना. मी मघाशीच बघितलं, तुमच्या कागदावर आज एकच चौकोन आहे – कप रिकामा, हो की नाही. बोलण्याला चौकोनच नाही. म्हणून तर बोलतेय.

मी विचारलं त्यांना, मग सव्वीस वर्षं प्यायलात कशाला? तर म्हणे, तू करायचीस म्हणून. आता हे ऐकून बायकोनं काय करायचं, तुम्ही सांगा. चहा मी प्यायले, सोडला नाही, पण मनात जी अढी बसली ती बसली. आणि खोटं म्हणावं तर तेही नाही. आमचे हे पाणीखात्यात मीटर वाचायचे. चौतीस वर्षं लोकांच्या घरोघरी जाऊन आकडे उतरवले, आणि आकडा असेल तोच लिहायचा – माझ्या सख्ख्या बहिणीकडे जास्त निघाला तर जास्त लिहून आले, बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. असा माणूस आवडत नाही म्हणाला म्हणजे आवडतच नसणार. तेव्हापासून एकदासुद्धा तोंडाला लावला नाही त्यांनी. बाहेरही नाही. दिवसाला एकच कप, हा तुमचा नियम ते देवासारखा पाळतात. मी? मी भांड्यात उरलेलाही पिते. तो काय फेकून द्यायचा?

हो हो, पिते. हे बघा, ओठाला लावला. तुम्हालाही अडकल्यासारखं झालं असेल ना, समजतं मला. मी तर नऊ वर्षं अडकलेय. कारण बघा काय झालं. ह्यांचं पोट फुगायला लागलं. दुपारी पट्टा सैल करून बसतात, आणि आतून जे आवाज येतात – पलीकडच्या घरातून विचारायला आले होते, नळाचं काम काढलंय का म्हणून. मी किती बोलते त्यांना त्यावरून, चारचौघांत बोलते, पाहुण्यांसमोर बोलते, आणि ते म्हणतात, वय झालं. वय कसलं, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. तर तुमच्या फॉर्मवर गेलं – चहा गट, क्रमांक अठरा, पोट फुगणे. आणि मला रात्री झोप नाही, छातीत धडधड, पहाटे तीनला उठून पडद्यांना काठ लावत बसते, ते गेलं – दूध गट, क्रमांक सतरा, झोप उडणे. मला वाटलं, चाळीस माणसांत आपण दोघं कोणाला दिसतोय. पण बाकीचे वर्षभरात कंटाळून सोडून गेले. अडतीस माणसं. आता सगळा अभ्यास म्हणजे मी आणि हे.

आणि मग तुमची ती पुस्तिका निघाली. दुधाने तरतरी येते, चहाने पोट फुगते. वर माझा फोटो, हातात पेला. तो पेलासुद्धा फोटोवाल्याचा होता, पण ते जाऊ दे. आमच्या गेटवरच्या वॉचमनने ती पुस्तिका वाचली आणि रात्रपाळीला जागं राहायला दूध सुरू केलं. आता खुर्चीत बसल्या बसल्या घोरतो. परवा कुणीतरी त्याच्या पायातले बूट काढून नेले – पायातले मॅडम, नाड्या सोडून. सकाळी अनवाणी उभा, आणि मला म्हणतो, काकू, माझ्या अंगाला एक कप पुरत नाही वाटतं, आजपासून दोन करतो. आणि गेटवर माझाच फोटो चिकटवलेला.

मग सांगून का नाही टाकलं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? ठरवलं, किती वेळा ठरवलं. पण सांगितलं की अभ्यास बंद, आणि अभ्यास बंद झाला की सात वाजून दहाला काय? आमचं दिवसभरात बोलणं तरी काय असतं – गॅस बंद केलास का, किल्ली कुठे ठेवलीत. तेवढंच. पण सात दहाला आम्ही दार लावतो, पडदा ओढतो, चोरासारखे समोरासमोर बसतो, ते कप इकडे सरकवतात, मी तिकडे सरकवते, आणि हसतो जरा. आवाज न करता. लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली, आणि त्यांनी न सांगता माझ्यासाठी केलेली गोष्ट म्हणाल तर ही एक. तीही, चहा आवडत नाही म्हणून. पण झाली ना. आणि आता तुम्ही म्हणता, आजची तपासणी नीट झाली तर आणखी पाच वर्षं. आणि कप संपला नाही तर बंद. हे एवढंसं दूध – कपालासुद्धा वास येतोय हो.

आत किती शांत आहे. त्यांनाही जात नसणार. नऊ वर्षांनी चहा, आणि तोही न आवडणारा. अजून निम्मासुद्धा झाला नसेल, पैजेवर सांगते. ते जर नाही म्हणाले तर मीही – थांबा, दार उघडलं.

काय हो सर, काय झालं? नाही संपला ना? दाखवा बघू. रिकामा. सगळा? कुंडीत नाही ना ओतला – तुम्ही समोर होतात. मग? – आणखी? आणखी काय? – अर्धा कप आणखी आहे का, असं ते विचारतात? नाही, परत सांगा. डोळे मिटून प्यायले. शेवटचा थेंब पडेपर्यंत कप तोंडावर धरून ठेवला. आणि काय म्हणाले – चहा करावा तर हिनंच.

असं म्हणाले.

…

नाही, काही नाही. दोरा ओवून ओवून पाणी येतं डोळ्याला. चौतीस वर्षांत त्या माणसानं एक आकडा खोटा नाही लिहिला मॅडम, आणि मला – तोंडावर – आणि मी त्या पोटाला नळ म्हणत होते.

कुठाय तो कप? माझ्याच हातात आहे होय. आता नीट बघा हं, परत नाही दाखवणार.

…

साय पण. झालं. करा खूण चौकोनात. असं लागतं होय हे. रोज, नऊ वर्षं.

सर, भांड्यात चहा आहे, झाकलेला. अर्धा कशाला, भरून द्या त्यांना. नियम? नियमाचं ह्या मॅडम बघतील. आणि मॅडम, उद्यापासून तुमचे आकडे उलटे येणार आहेत. पोट सतराकडे येईल, झोप उडणं अठराकडे जाईल. तुमच्या साहेबांना म्हणावं घाबरू नका, दहाव्या वर्षात असं होत असेल. पाच वर्षं लिहून टाका. सात दहाला मी माझा कप माझ्यापाशी धरून बसणार आहे, सरकवू देत त्यांना काय सरकवायचं ते. वॉचमनला मात्र मी आजच सांगते, एक कपही नको, निदान नवीन बूट येईपर्यंत.

अहो, आलात? काय, कसा होता चहा? – कडू? दोन घोट कसेबसे? हो का. बरं. ओठ पुसा.

तुम्ही कशाला हसताय मॅडम? झालं ना तुमचं? उठा मग. आणि ते मधलं दार लावू नका.