हंड्यावरचं नाव

हॅलो? … हॅलो, कोण? दैवशाला व्हय? … हो, वच्छलाकाकूच बोलायलेय. जोरात बोल गं, मोंढ्यात कापसाच्या गाड्या आल्यात, काई ऐकू येईना.

माय कशी हाय तुझी? … जेवली न्हाई? … पाणीबी न्हाई? … तेच चालू हाय का अजून, माहेरचं माणूस बोलवा म्हणून? … आन गाव विचारलं की तोंड फिरवती. तशीच हाय ती. भावाशी बिनसलं, तवापसून माहेराचं नाव काढलं न्हाई. आमी जावा-जावा एका चुलीवर राबलो, मलाबी कधी बोलली न्हाई. सासूबाई असत्या तर सांगितलं असतं.

तू कुठं कुठं बघितलंस? … तलाठी? … शाळा? … अगं येडे, तलाठ्याच्या दप्तरात बाईचं माहेर असतंय व्हय? आन तुझी माय शाळेची पायरी तरी चढली का? … न्हाई, ऐक ना. ऐक. कूळ शोधायचं तर पहिलं म्हाताऱ्या बायांना विचारावं, मंग लग्नातली भांडी बघावी. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंय की…

काय? मोडीत दिली? सगळी? … स्टीलच्या डब्यापायी! … बरं, राहू दे. गेलं ते गेलं. तिच्या लग्नातला एक हंडा वाटणीत माझ्याकडं आलाय. न्हाणीत पाणी तापवती त्याच्यात, गळ्यापर्यंत काळाकुट्ट. काल तुझा फोन आला, तवापसून चिंच लावून घासायलेय… हो, हो, निघाली अक्षरं. शेजारच्या आप्पारावानं वाचून दाखवलं. 'दगडाबाईस, भाऊ आश्रुबाकडून, पालम.'

… मीबी तेच म्हणलं, ही दगडाबाई कोण? मंग ध्यानात आलं. नर्मदा हे तुझ्या मायचं आपल्या घरचं नाव, लग्नात ठेवलेलं. हंडा त्याच्या आधी घेतलेला.

… अगं ऐक ना! आधी एक कर. मायच्या कानाशी जा आन दगडाबाई म्हणून हाक मार… धरते मी फोन. जा.

…

हं? … ओ दिली? … काय म्हणली? … 'आश्रुबा, लय उशीर केलास'? … अगं माय.

… हो, रडायलेय मी. मंग काय झालं?

तिला सांग, माहेरून मुराळी न्यायला निघालाय, तवर पाणी पी म्हणावं … खोटं कसं? मी चालले की पालमला. आश्रुबा असंल तर आश्रुबा, नसंल तर त्याचं पोरगं, माहेरचं माणूस घेऊनच येते. आन हंडाबी संगं नेते, ओळख पटाया नको? … कामून अवघड? डोक्यावर घेते. ठेव आता, एसटी चुकंल माझी.