घंटीखालचा ओरखडा

हॅलो?

…कोण? जोरात बोला, मशीन चालू आहे. थांबा, बंद करते.

हं. बोला.

…ताई? तू? दुकानाच्या फोनवर? सकाळी पावणेनऊला?

…हो, चहा झाला. नाश्ता झाला. तब्येत बरी आहे. गुडघाही बरा आहे. झाले चारही प्रश्न? आता पाचवा विचार, ज्याच्यासाठी फोन केलायस.

…सहज? अगं, अकरा वाजता तुमचा समारंभ. ऐन केस करायच्या वेळी तू मला सहज फोन करशील?

…मला कसं कळलं म्हणजे? पेपरात आलंय. अर्धं पान. भावोजींचा फोटो, हनुवटीखाली हात. 'प्रवाशासाठी चावीचं, गजराचं घड्याळ. एका डिझायनरचं बारा वर्षांचं स्वप्न.' बारा वर्षं झोपलेच होते म्हणायचे. आणि गजर लावून द्यायला शेवटी मेहुणीच लागली.

…वाचलं की. सगळं वाचलं. तळहातावर मावतं, पुस्तकासारखं मिटतं, पाठीला चामडं, बॅटरी नाही, जगात फक्त बारा नग, नंबर घातलेले. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'कुशल कारागिरांच्या हातून साकार'. कारागिरांच्या! ताई, मी एकटीच होते गं. चौदा महिने या स्टुलावर एकटी. बाकीचे कुठे बसले होते?

…नाही, टोमणा नाही. हिशेब सांगतेय.

…रागावले असते तर तेव्हाच रागावले असते. तुमच्याकडे जेवायला आले होते त्या दिवशी. भावोजी काय म्हणाले होते? 'मागच्या पत्र्यावर आपली दोघांची नावं.' तू वाढत होतीस. मान हलवलीस. मी पाहिलं. मग पत्रा आला, तर त्यावर एकच नाव. विचारलं तर म्हणे, दोन नावांनी रेषा बिघडते.

…हो गं, माहीत आहे, रेषेचं त्यांना फार असतं. म्हणून तर गजर बंद करायचं बटणही काढायला लावलं. झाकण मिटलं की गजर बंद, इतकं सोपं पाहिजे म्हणाले. त्या सोपेपणापायी माझे सात आठवडे गेले. ते नाही आलं पेपरात.

…बोल. मुद्द्यावर ये. मला पण कामं आहेत.

…वाजत नाही म्हणजे? मुळीच वाजत नाही, की…

…थाड थाड? आणि एक नुसतंच घरघरतंय?

…सगळी? बाराच्या बारा?

शक्य नाही. गेल्या सोमवारी तू घेऊन गेलीस तेव्हा बाराही वाजत होती. वहीत सही आहे तुझी, 'वाजवून पाहिली' म्हणून. मग आठ दिवसांत केलंत काय?

…काहीच नाही? ताई, लहानपणी तू 'काहीच नाही' म्हणालीस की मी आधी काचा शोधायचे.

…पॉलिश? कशाला?

…घंट्या काढल्या? सगळ्या? एकाच ट्रेमध्ये?

…आतूनसुद्धा? आतून का? आत कोण डोकावणार होतं?

…परत सांग. काय होतं म्हणून?

ओरखडे.

…ऐकतेय. गेले नाही कुठे.

तो ओरखडा नव्हता, ताई. माझी खूण होती ती. चिमणीचं पाऊल. तीन रेघा. आणि शेजारी टिंबं. पहिल्या घड्याळाच्या घंटीत एक टिंब, दुसऱ्याच्या घंटीत दोन, असं बारापर्यंत. कुठली घंटी कुठल्या घड्याळाची ते त्या टिंबांवरून कळायचं. आता तुमच्याकडे बारा चकचकीत वाट्या आहेत. लोणचं घाला त्यांत.

…मापं सारखी आहेत, असं भावोजी म्हणतात? म्हणू देत. पितळाला त्यांचं ड्रॉइंग वाचता येत नाही ना. ओतलेली घंटी आहे ती, केसभर इकडे, केसभर तिकडे. म्हणून प्रत्येक घड्याळातली हातोडी मी त्याच्या त्याच्या घंटीसाठी कानशीने घासली. आपल्या घंटीला ती हलकेच शिवून मागे येते. दुसरीला शिवायला गेली की थाड.

…मग लावून बघा ना एकेक. कोण अडवतंय? एक घंटी बसवायला पाच मिनिटं. बारा घड्याळं, बारा घंट्या. तू तर गणितात पहिली यायचीस. नशीब जोरावर असेल तर संध्याकाळपर्यंत जमेलही.

…बारा गिऱ्हाईकं एकदम चावी देणार? आणि सगळे गजर एकदम? वा! छान बसवलाय कार्यक्रम. ऐकायला मला कुठे बोलावलं होतंस?

…पत्रिका पाठवायची राहिली. बरं.

…रड. पण घंट्यांपासून लांब बसून. आताच पॉलिश केल्यात.

…मी दुष्ट? मी? ताई, नाव तुम्ही खाल्लंत, मी चकार शब्द काढला का? का नाही काढला, माहितीये? आत पाऊल होतं. अजून चाळीस वर्षांनी कुठल्या तरी गावात कोणी घड्याळजी हे घड्याळ उघडील. घंटी उलटी करील. त्याला कळेल, हे कुणी तरी एकाने बसून जुळवलंय. नाव नसेना का. तेवढा एकच माणूस मला हवा होता. तोही भावोजींनी पॉलिशच्या चाकावर घासून टाकला.

…त्यांना माहीत नव्हतं, आणि तुला? अगं, तुला मी दाखवलं होतं. याच टेबलावर, भिंगातून. 'गोड आहे गं,' म्हणालीस. मग ट्रे पॉलिशला निघाला तेव्हा गोड तोंड उघडायला काय झालं होतं?

…

…हो. बदललास ना विषय. त्या दिवशीही असाच बदलला असशील.

…नाही, मी येणार नाही. टॅक्सी पाठवू नकोस, परत जाईल.

…येण्याची गरजच नाही. वहीत प्रत्येक घंटीचा आवाज लिहून ठेवलाय मी. तू तिकडे वाजव, मी इकडे ओळखते. फुकट नाही पण.

…पैसे नकोत. फोन स्पीकरवर टाक आणि भावोजींना समोर बसव.

…मग टाय नंतर बांधतील म्हणावं!

…नमस्कार भावोजी. हो, मीच. अभिनंदन वगैरे अकरानंतर. आता ऐका. ताई घंटी वाजवील, मी नंबर सांगेन. नंबर सांगितला की तुम्ही तुमच्या हाताने, तिच्या आत, माझी खूण करायची. तीन रेघा, पोलादी सुईने. मग ती घंटी नंबराच्या चिठ्ठीवर ठेवायची. टिंबं शेवटी. आणि बाराही ओळखून झाल्याशिवाय एकही घड्याळात बसवायची नाही.

…तुमचा मॉडेल बनवणारा नाही. तुम्ही. चित्रकलेत सुवर्णपदक आहे ना? पेपरात होतं.

…विनोद नाही करत. सव्वानऊ होत आले.

…शहाणे आहात. ताई, दोऱ्याला बांध. बोटात धरू नकोस, दबते. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मार.

…परत.

दोन नंबर. वहीत लिहिलंय 'वकीलबाई'. एक विचारलं की तीन सांगतात, आणि तेही वरच्या पट्टीत. भावोजी, सुई. …फोन जवळ न्या, ऐकू येऊ दे. एक… दोन… आणि? …आणि? दोन रेघांची चिमणी लंगडी असते. तिसरी ओढा.

हं. पुढची.

…सात. 'बाबा, खोकल्याच्या आधी.' …हो ना? मलाही गलबलून आलं होतं लिहिताना. …पुरे. ओढा, भावोजी. एक, दोन, तीन. हळू, सासरे आहेत.

…पुढची. …अकरा. ही मात्र वाचून दाखवत नाही. …नको म्हणतेय ना. …बरं, भावोजींचाच आग्रह आहे तर. 'भावोजी. सुरुवात दणदणीत, मागे काही नाही.' …तुम्हीच म्हणालात वाचा. …अहो, फेकताय काय! पितळ आहे, पोचा पडेल. पडला तर अकरा नग झाले. …हं. उचला. ओढा.

…एक नंबर. …पुढची. …बारा? नाही, ही आठ. परत मार. हो, आठच.

…ताई, ही परत वाजव. …अजून एकदा.

हं. नऊ.

…काय लिहिलंय? 'ताई, लग्नानंतर.' …हसलीस? रागावशील वाटलं होतं. …वाईट काय त्यात? वेळेवर वाजते. रेघा ओढू देत त्यांना.

…पुढची. …पाच. …पुढची. …दहा. भावोजींचा हात बसला वाटतं. आता ऐकूनच कळतं, रेघा सरळ येताहेत.

…ही… थांब. …ही चार. 'ताई, लग्नाआधी.' …काय म्हणालीस? …'हो गं, मी अशीच होते'? खरंच तसं वाटतं तुला? …परत वाजव. नीट ऐक. …बरं. बरं, चारच. ठेव चिठ्ठीवर.

…तीन. …सहा. किती झाल्या? …अकरा. आता शेवटची.

…ऐकायची नाही म्हणजे?

…हो, बरोबर आहे. एक घंटी उरली, एक घड्याळ उरलं. बारा नंबर. त्याला माझा कान कशाला?

…आणि खूण?

…वेळ नाही. सव्वादहा झाले. एकीत नसली खूण तर काय बिघडतं. हे भावोजी म्हणताहेत की तू?

…दोघं.

…नाही, नाही. माझं काही म्हणणं नाही. ठेवा फोन. फक्त एक सांगून ठेवते. या अकरांतल्या दोन मी उलट्या सांगितल्यात.

…नीट ऐकलंत. हिचा नंबर तिला, तिचा हिला. कुठल्या दोन, ते बाराव्या खुणेनंतर.

…ओरडा. मी रिसिव्हर लांब धरलाय.

…फसवणूक? भावोजी, पत्र्यावरच्या नावाला काय म्हणतात ते आधी सांगा, मग मी याला नाव शोधते.

…ताई, तू मध्ये पडू नकोस. तुला पडायचं होतं तेव्हा तू वाढत होतीस.

…दहा वाजून वीस मिनिटं. मला घाई नाही. माझ्याकडची सगळी घड्याळं वाजतात.

…घेतली सुई? शाब्बास. फोन जवळ. एक. …दोन. …

…तीन.

झालं. आता तुमचं काही माझ्याकडे उरलं नाही. चार आणि नऊ. त्या दोघींची अदलाबदल करा, टिंबं द्या, मग बसवायला घ्या. पाच मिनिटांत एक, दोघं लागलात तर अकरापर्यंत उरकेल.

…हो ताई. चार आणि नऊ. तुझ्याच दोन.

…मुद्दाम? म्हणजे काय, मुद्दामच. बाकी कुठल्याही दोन निवडता आल्या असत्या मला. वकीलबाईंना काय, त्या कुठेही वाजल्या असत्या.

…नाही, ऐक ना. जी ऐकून 'हो गं, मी अशीच होते' म्हणालीस, ती नववी. नेमकी, वेळेवर, लगेच विझणारी. चौथी ती आधीची. जिच्यावर मी 'लग्नानंतर' म्हणाले आणि तू नुसतीच हसलीस. ती थांबल्यावरही हसत राहते, कानात. तीनदा वाजवायला लावली मी तुला.

…नाही, चिडवत नाही. मला वाटलं होतं, तू टोकशील. भावोजींना काय कळणार, पण तू टोकशील. 'ही नव्हे गं, ती मी,' म्हणशील. टोकलं असतंस ना ताई, तर बाराव्या खुणेवाचून सोडलं असतं मी तुम्हाला.

…

…ताई?

…वाजवतेयस? कुठली, चौथी? जरा जवळ धर, मला नीट…

हॅलो?

हॅलो?